आल्कोच्या अंगावरच्या खुणा

वारणानगरला रेल्वे आलेली नाही. वारणेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या आधाराने दूधसंघ, बाजार, शाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालय वाढले, १९९८ मध्ये आसपासची ७० गावे संगणकाच्या जाळ्यात आणण्याचा प्रयोगही येथेच झाला. रूळ मात्र मिरजेहून जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी असे येत कोल्हापुरातच संपले. असे असले तरी डिझेल इंजिन ही वस्तू या भागातील माणसाला परकी नाही. नदीचे पाणी शेतात चढवणारी ऑइल इंजिने, ती दुरुस्त करणारे गावोगावचे मिस्त्री, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळा आणि पुणे–मिरज लोहमार्गावरच १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी यांच्या सान्निध्यात येथे एक सवय रुजली आहे: यंत्र आणले म्हणजे ते जसेच्या तसे चालवायचे नसते, तर कामाची गरज, इंधनाची किंमत आणि मिळणारे सुटे भाग पाहून त्यात फेरफार करायचे असतात. भारतीय रेल्वेने आपल्या जुन्या डिझेल इंजिनांच्या बाबतीत सुमारे अर्धशतक हेच केले आणि त्या फेरफारांच्या खुणा इंजिनांच्या अंगावर उघड्या दिसत राहिल्या. त्या वाचता येणे ही हौशी निरीक्षकांनी हळूहळू कमावलेली विद्या असून, तिच्यासाठी इंजिनाच्या आत शिरावे लागत नाही. फलाटावर उभे राहून पाहता आले आणि काय पाहायचे ते ठाऊक असले, तरी पुष्कळ काही हाती लागते.

या विद्येचा मुख्य विषय म्हणजे रेल्वेच्या बोलीत ‘आल्को’ या नावाने ओळखले जाणारे इंजिन होय. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी येथे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी नावाचा कारखाना होता आणि आल्को हे त्या कंपनीच्या नावाचे संक्षिप्त रूप. या कंपनीची पहिली शंभर इंजिने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात आली व त्यांना डब्ल्यूडीएम-१ हे नाव मिळाले. त्यांना चालकाची खोली एकाच टोकाला होती, त्यामुळे परतीच्या प्रवासासाठी इंजिन फिरवून घेण्याची सोय करावी लागे. १९६२ पासून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या पुढच्या जातीत ही अडचण उरली नाही, कारण तिच्यातील एकाच खोलीत दोन्ही दिशांसाठी चालवण्याची साधने होती. नावातील अक्षरांचा उलगडा सोपा आहे: डब्ल्यू म्हणजे रुंदमापी मार्ग, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही कामांचे इंजिन, आणि शेवटचा अंक त्या जातीचा अनुक्रम. याच हिशेबाने मीटरमापी इंजिनाच्या नावाची सुरुवात वायने, अरुंदमापीची झेड किंवा एनने होते. केवळ मालगाड्यांसाठी जी, प्रवासी गाड्यांसाठी पी आणि यार्डातील डबे हलवणाऱ्या शंटिंगच्या इंजिनासाठी एस हे अक्षर येते.

डब्ल्यूडीएम-२ च्या पोटात सोळा सिलिंडरांचे, २,६०० अश्वशक्तीचे डिझेल यंत्र असते, पण हे यंत्र चाके थेट फिरवत नाही. ते एक मोठे जनित्र फिरवते, जनित्रातून निघणारी वीज आसांवर बसवलेल्या मोटरांना मिळते आणि चाके या मोटरा फिरवतात. म्हणजे ज्याला आपण डिझेल इंजिन म्हणतो ते खरे तर स्वतःचे वीजघर स्वतःबरोबर वाहून नेणारे विजेचे इंजिन असते. त्याच सुमारास जनरल मोटर्सचीही ७२ इंजिने डब्ल्यूडीएम-४ या नावाने भारतात आली होती, आणि १९६९ मध्ये हावडा–दिल्ली मार्गावर पहिली राजधानी एक्स्प्रेस ओढण्याचा मान त्यांनाच मिळाला. परंतु तंत्रज्ञान भारताला देऊन येथेच उत्पादन होऊ देण्याची तयारी आल्कोने दाखवली, वाराणसी येथे डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स हा कारखाना निघाला, जानेवारी १९६४ मध्ये तेथून पहिले डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या जातीची अडीच हजारांहून अधिक इंजिने तयार झाली.

पुढची घटना या विषयाची किल्ली आहे. १९६९ मध्ये स्केनेक्टडीचा मूळ कारखानाच बंद पडला. कॅनडातील माँट्रियल येथील सहयोगी कारखान्याने तो वारसा काही काळ चालवला, पण एखाद्या यंत्राचा जनक हयात असेपर्यंत त्याच्या आराखड्यावर जो एक धाक असतो तो भारतापुरता नाहीसा झाला. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ आल्को यंत्रात जे बदल भारतात झाले, त्यांपैकी बहुतेकांमागचा निर्णय लखनौ, वाराणसी, पतियाळा किंवा एखाद्या शेडमधील भारतीय अभियंत्याचा होता. त्यामुळे जुन्या आल्कोवरील एखादी वेगळी खिडकी, वाढीव जाळी किंवा अनोळखी नळी यांकडे केवळ गंमत म्हणून पाहणे पुरेसे नाही. ती कोणाच्या तरी अडचणीला कोणी तरी काढलेला तोडगा असते, आणि तो तोडगा कोणत्या पातळीवर निघाला हे ओळखणे हाच निरीक्षणाचा खरा भाग.

ही पातळी ठरवण्यासाठी रेल्वेतील कामाची रीत थोडी माहीत असावी लागते. लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन व मानक संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली. तिच्याकडून ठरावीक बदलाचे लेखी आदेश व नकाशे सर्व शेडांकडे जातात, आणि असा बदल देशभर एकाच पद्धतीने झालेला दिसतो. पतियाळाच्या कारखान्याचे काम वेगळे होते. १९८१ मध्ये सुटे भाग बनवण्यासाठी स्थापन झालेल्या या कारखान्यात पुढे साधारण अठरा वर्षे चाललेली इंजिने आणून ती पार सोलून पुन्हा उभी केली जाऊ लागली. यांच्याखाली येते ती शेड, म्हणजे इंजिनाचे मूळ ठाणे, जेथे त्याची नित्याची तपासणी होते आणि जिचे नाव इंजिनावर रंगवलेले असते. कोणत्याही मोठ्या आदेशाशिवाय, हाताशी असलेल्या पत्र्याने आणि वेल्डिंगने केलेले, एकाच शेडच्या चार-दोन इंजिनांवर सापडणारे फेरफार येथे जन्माला येतात, आणि निरीक्षकांना सर्वाधिक मोल त्यांचेच वाटते.

कोल्हापूरकडचा मार्ग या दृष्टीने चांगला होता. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला आलेली रेल्वे मीटरमापी होती, म्हणजे तिच्या दोन रुळांतील अंतर १,००० मिलिमीटर होते. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला १,६७६ मिलिमीटरचा म्हणजे रुंदमापी झाला आणि मोठ्या आल्कोंचा येथील काळ तेव्हा सुरू झाला. मिरजेत मात्र पुढे कित्येक वर्षे तिन्ही मापे एकत्र नांदली: पुण्याकडे आणि कोल्हापूरकडे रुंद, लोंढ्याकडे मीटर, आणि पंढरपूर–कुर्डुवाडीकडे बार्शी लाइटची ७६२ मिलिमीटरची अरुंद गाडी. पुण्यापासून मुंबईपर्यंत विजेचा मार्ग १९२९ पासूनच असल्यामुळे महालक्ष्मी, कोयना, सह्याद्री या गाड्यांचे इंजिन पुण्यात बदलत असे आणि पुण्याच्या अलीकडचा सारा प्रवास डिझेलवर होई. हे काम प्रामुख्याने पुण्यातील घोरपडीच्या शेडचे. परंतु मिरज हे मध्य रेल्वेच्या हद्दीचे टोक असल्याने दक्षिणेकडच्या हुबळी, गुत्ती, कृष्णराजपुरम या शेडांची इंजिनेही या पट्ट्यात दिसत. शेडाशेडांतील फरक एकाच फलाटावर ताडून पाहण्याची अशी संधी सर्वत्र मिळत नाही.

पाहण्याची सुरुवात नाकापासून करावी. डब्ल्यूडीएम-२ ची चालकाची खोली मधोमध नसून एका टोकाच्या जवळ असते. तिच्या एका बाजूला यंत्र झाकणारी लांब पेटी, म्हणजे लाँग हूड, आणि दुसऱ्या बाजूला आखूड नाक, म्हणजे शॉर्ट हूड असते. हे नाक खोलीपेक्षा अरुंद असून त्याच्या दोन्ही बाजूंनी चालण्यासाठी पट्टी सुटलेली असते, आणि त्याच्या उंचीमुळे चालकाला समोरचे दृश्य दोन फटींतून पाहावे लागते. काही थोड्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांमध्ये हे नाक इंजिनाच्या पूर्ण रुंदीचे करून त्याला मोठ्या काचा बसवलेल्या होत्या. कर्मचाऱ्यांनी त्यांना ‘जंबो’ हे नाव दिले आणि ते सरकारी कागदपत्रांत नसूनही टिकले. जंबो हा वाराणसीच्याच कारखान्यातील प्रयोग, म्हणून त्याला नंतर केलेला फेरफार म्हणणे काटेकोर बोलणाऱ्याला रुचणार नाही. तरीही नेहमीच्या शेकडो इंजिनांमधून एखादे जंबो आले की ते लांबूनच ओळखू येई, आणि या छंदाकडे वळणाऱ्यांना पहिला धक्का बहुधा त्यानेच दिला असावा.

चालकाला समोरचे दिसत नाही ही तक्रार भारतापुरती नव्हती. अमेरिकेत तिच्यावर उंच नाक सरळ कापून बुटके करण्याचा उपाय झाला. इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या पादुका येथील कारखान्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जुनी इंजिने पुन्हा बांधताना हे मोठ्या प्रमाणावर केले आणि छपरावर हवा गाळणारी अशी ठळक पेटी बसवली की पादुकाचे इंजिन पाहताक्षणी ओळखावे. ब्रिटनमधील क्लास ३७ इंजिनांच्या नाकाला आरंभी एका इंजिनातून दुसऱ्यात जाण्यासाठी दार होते; ते दार निरुपयोगी ठरून नंतर पत्रा ठोकून बुजवले गेले, आणि त्या पत्र्याची कड कोठे व कशी बसली आहे यावरून एकेका इंजिनाची ओळख सांगणारे जाणकार तेथे आहेत. भारतात नाक कापण्याचा मार्ग रुळला नाही. यामागे एक उघड कारण आहे: आल्कोच्या या नाकात रिकामी जागा नसते, तेथे महत्त्वाची सामग्री भरलेली असते.

ती सामग्री म्हणजे डायनॅमिक ब्रेकचे रोधक. गाडी उतारावर असताना चाकांच्या मोटरांचेच काम उलटे करून त्यांना जनित्राप्रमाणे वीज निर्माण करायला लावले, तर त्या ओझ्याने गाडी मंदावते आणि ब्रेकच्या ठोकळ्यांची झीज वाचते. निर्माण झालेली वीज मात्र कोठे तरी जिरवावी लागते, आणि ती तारांच्या जाळीतून उष्णता म्हणून हवेत सोडली जाते. पुण्याहून साताऱ्याकडे येताना शिंदवणे आणि आदर्की येथे जे घाट लागतात तेथे या ब्रेकची किंमत कळते. जुन्या इंजिनांमध्ये ही जाळी नाकाच्या आत असे. पुढे अधिक शक्तीच्या आणि पुन्हा बांधलेल्या इंजिनांमध्ये ती छपरावर आणली गेली, त्यामुळे आखूड नाकावर एक चौकोनी उंचवटा दिसू लागला. नावाने जुने पण छपरावर असा उंचवटा असलेले इंजिन दिसले, तर ते केवळ रंगवून बाहेर आलेले नाही, त्याची मोठी बांधणी झाली आहे, असा अंदाज करायला हरकत नसते.

सर्वांत बोलक्या खुणा मात्र बफरच्या आडव्या तुळईवर सापडतात, जेथे सामान्य प्रवाशाची नजर सहसा जात नाही. भारतीय गाड्या प्रदीर्घ काळ निर्वात ब्रेकवर चालल्या: इंजिन गाडीभर गेलेल्या नळातून हवा शोषून घेई, आणि नळात हवा शिरली की ब्रेक लागत. या पद्धतीची खूण म्हणजे बोटांनी वेढता न येणारा जाड, वळीदार रबरी नळ. नंतर दाबाच्या हवेवर चालणारे एअर ब्रेक आले. त्यांच्या नळ्या बारीक असतात आणि प्रत्येक टोकाला दोन प्रकारच्या दिसतात: ब्रेक लावणारी, जिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम दाब असतो आणि जिची तोटी हिरवी रंगवतात, आणि साठ्याच्या टाक्या भरणारी, ६ किलोग्रॅम दाबाची, जिची तोटी पांढरी असते. देशातील सर्व डबे एका रात्रीत बदलणे अशक्य असल्यामुळे मधल्या वर्षांत इंजिनांना दोन्ही पद्धती वागवाव्या लागल्या. मूळच्या निर्वात ब्रेकच्या इंजिनांवर एअर ब्रेक चढवला गेला तेव्हा त्यांना डब्ल्यूडीएम-२ए हे नाव मिळाले, आणि कारखान्यातूनच एअर ब्रेक घेऊन आलेल्यांना डब्ल्यूडीएम-२बी. एकाच तुळईवर जाड नळ आणि बारीक नळ्या यांची दाटी झालेली २ए हा त्या संक्रमणाचा साक्षात पुरावा असे. पुढे निर्वात ब्रेकचे डबे संपले, जाड नळ काढले गेले, पण त्यांना आधार देणारी कंसाकृती पट्टी आणि तुळईतील भोक काही इंजिनांवर तसेच राहिले. पाटीवर काहीही लिहिलेले असो, असे बुजवलेले भोक इंजिनाचे वय सांगून जाई.

पाटीवरील क्रमांकही वाचता आला पाहिजे, आणि येथे नवखा हमखास फसतो. डब्ल्यूडीएम-२ ची मालिका १८ हजारांच्या क्रमांकांपासून सुरू झाली, मग १७ हजारांवर आणि त्यानंतर १६ हजारांवर आली. म्हणजे आकडा लहान असलेले इंजिन बहुधा वयाने लहान, मोठ्या आकड्याचे नव्हे. क्रमांकाच्या शेवटी आर हे अक्षर असेल तर ते इंजिन पतियाळ्याला जाऊन नवे होऊन आले आहे असे समजावे. तेथे २,६०० अश्वशक्तीची जुनी इंजिने ३,१०० अश्वशक्तीची होऊन परतली आणि त्यांचे नावही डब्ल्यूडीएम-३ए झाले, कारण नव्या नामपद्धतीत ३ हा आकडा तीन हजार अश्वशक्ती आणि ए हे अक्षर त्यावरील शंभर दर्शवते. गंमत अशी की डब्ल्यूडीएम-३ हे नाव त्याआधी हेन्शेल या जर्मन कंपनीच्या आठ इंजिनांना दिले गेले होते, ज्यांत विजेऐवजी तेलाच्या दाबाने शक्ती चाकांपर्यंत जाई आणि ज्यांचा आल्कोशी काहीही संबंध नव्हता. त्यामुळे जुन्या कागदात डब्ल्यूडीएम-३ वाचून ते डब्ल्यूडीएम-३ए चे पूर्वज समजणे ही सरळ चूक ठरते. त्याहून विचित्र होते डब्ल्यूडीएम-६: मीटरमापीच्या वायडीएम-४ चे सहा सिलिंडरांचे १,३५० अश्वशक्तीचे यंत्र मोठ्या रुंदमापी देहात बसवून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी दोनच इंजिने बांधली गेली, आणि मालिका तेथेच थांबली.

डोळ्यांना न दिसणारे बदल कानाला कळतात. १९८० च्या दशकात आरडीएसओने इंधन वाचवणाऱ्या भागांचा एक संच विकसित केला, ज्यात अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर, मोठ्या व्यासाचा इंधनपंप आणि झडपांची उघडझाप ठरवणारा नवा कॅमशाफ्ट यांचा समावेश होता. टर्बोचार्जर म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरणारा पंखा, जो सिलिंडरांत अधिक हवा कोंबतो. आल्कोच्या मूळ टर्बोला वेग घ्यायला वेळ लागे. तोवर डिझेल आधी आणि हवा मागाहून अशी स्थिती होऊन गाडी सुटताना काळ्या धुराचा लोट उठे, ज्याची छायाचित्रे आल्कोप्रेमी अजूनही जपून ठेवतात. निरनिराळ्या बनावटीचे टर्बो बसवले गेल्यामुळे इंजिनाच्या शिट्टीसारख्या आवाजात आणि धुराच्या प्रमाणात फरक पडला. संथ गतीने चालताना होणारा आल्कोचा अडखळता ठोका मात्र सर्वांत सारखाच राहिला. जनित्राच्या बाबतीत तर मूळच्या एकदिश वीज देणाऱ्या यंत्राच्या जागी उलटसुलट वीज देणारे अल्टरनेटर आणि ती एकदिश करणारे उपकरण आले. हा बदल इंजिनाच्या इतिहासात फार मोठा असून बाहेरून जवळजवळ दिसत नाही. नाक आणि नळ्यांवर भाळलेल्या निरीक्षकाने हे ध्यानात ठेवणे बरे.

खाली वाकून पाहिले तर बोगीही पाहता येते. बोगी म्हणजे आस आणि चाके धरणारी चौकट. डब्ल्यूडीएम-२ खाली तीन-तीन आसांच्या दोन बोग्या असतात आणि तिच्या मूळ आराखड्यात तिन्ही आसांमधील अंतर सारखे नसते. मालगाड्यांसाठी आलेल्या डब्ल्यूडीजी-३ए मध्ये रुळाची पकड वाढवणारी वेगळी बोगी बसवली गेली. त्यामुळे वरचा देह ओळखीचा आणि खालची बोगी अनोळखी असे दिसले, की पुढची चौकशी करण्याजोगे काहीतरी हाती आले असे मानावे.

किरकोळ खुणा पुष्कळ आहेत आणि त्यांची यादी देण्यात अर्थ नाही, कारण त्या शेडगणिक बदलतात. दगडफेकीपासून काचा वाचवण्यासाठी बसवलेल्या लोखंडी जाळ्या, धोक्याच्या वेळी समोरून येणाऱ्या गाडीला सावध करणारा पिवळा लुकलुकता दिवा, पुढच्या मोठ्या दिव्याच्या चौकटीचा बदललेला आकार, चालकाच्या खोलीवरची वातानुकूलन यंत्राची पेटी ही त्यांतली नेहमीची. यांत अलीकडच्या काळातील एक भर मात्र अधिक लक्ष देण्याजोगी आहे. आल्कोचे मोठे यंत्र उभ्या गाडीतही चालूच ठेवावे लागे आणि त्यात तासाला सुमारे २५ लिटर डिझेल जळे. म्हणून काही इंजिनांमध्ये हवेचा दाब आणि बॅटरी सांभाळण्यापुरते एक लहान यंत्र बसवले गेले, जे तासाला ३ लिटरांच्या आसपास भागवते. मोठे आल्को उभे असून त्याचा ठोका ऐकू येत नाही आणि कोठून तरी ऑइल इंजिनासारखा बारीक आवाज येतो, हे दृश्य जुन्या निरीक्षकांना आरंभी चक्रावून टाकणारे होते.

वेगळी दिसणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे फेरफार नव्हे, हा विवेक या छंदात सर्वांत उशिरा येतो. धडकेत चेपलेले नाक हातोड्याने सरळ केले तर ते वेगळे दिसणारच. एका इंजिनाचे झिजलेले दार काढून भंगारात निघालेल्या दुसऱ्याचे बसवले तर रंगाचा पट्टा जुळत नाही. ही दुरुस्ती झाली. फेरफार ठरवताना दोन गोष्टी तपासाव्यात: ती खूण आणखी एखाद्या इंजिनावर, विशेषतः त्याच शेडच्या इंजिनावर, पुन्हा दिसते काय, आणि तिच्यामागे एखादी अडचण कल्पिता येते काय. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर शोध योग्य दिशेने चालला आहे. रंगसंगतीवर तर कधीच विसंबू नये. गडद लाल, निळा, हिरवा, नारिंगी अशा शेडांच्या आवडीनिवडी इंजिन दुसऱ्या शेडला गेले की बदलतात, आणि नवा रंग चढला म्हणून आतल्या यंत्रात काही बदलले असे होत नाही.

हेतू केवळ देखाव्याचा असलेला फेरफार पाहायचा असेल तर माथेरानकडे वळावे लागते. नेरळ–माथेरान हा ६१० मिलिमीटर मापाचा मार्ग १९५० च्या दशकात आर्नोल्ड युंग या जर्मन कंपनीच्या एनडीएम-१ इंजिनांनी वाफेकडून डिझेलकडे वळवला. अलीकडच्या वर्षांत मध्य रेल्वेने तेथील एका डिझेल इंजिनाला धुराडे आणि गोल बाष्पपात्र यांचा आभास देणारे आवरण चढवून जुन्या वाफेच्या इंजिनाचे रूप दिले. पर्यटकांना ते आवडते यात शंका नाही. पण जे डिझेल इंजिन वाफेच्या इंजिनाला हटवून आले त्यालाच त्या वाफेच्या इंजिनाचे सोंग घ्यावे लागावे, हे इतिहासाच्या दृष्टीने थोडे चमत्कारिक आहे, आणि स्वतःच जुन्या ठेव्यात गणली जाणारी डिझेल इंजिने तशीच दाखवण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ पासून अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय आहे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आल्कोही ठेवलेले आहे. मात्र संग्रहालयात जाताना इंजिन बहुधा मूळ रूपात ‘सुधारून’ घेतले जाते, आणि या सुधारणेत नेमक्या त्याच खुणा पुसल्या जातात ज्यांनी त्याचे आयुष्य घडवले.

कोल्हापूरच्या मार्गावर आता विजेच्या तारा आहेत. मध्य रेल्वेचे रुंदमापी मार्ग २०२३ पर्यंत पूर्णपणे विद्युतीकृत झाले. डिझेल इंजिनाचे ठरलेले आयुष्य ३६ वर्षांचे धरले जाते, परंतु बरीच आल्को इंजिने त्याआधीच कामावाचून उरली. त्यांपैकी काहींच्या वाट्याला आलेला फेरफार आजवरच्या सर्वांहून मोठा होता. वाराणसीत दोन डब्ल्यूडीजी-३ए मधील डिझेल यंत्रे काढून त्या जागी विजेची सामग्री बसवली गेली आणि १०,००० अश्वशक्तीचे एक जोड विद्युत इंजिन तयार झाले, जे फेब्रुवारी २०१९ मध्ये देशापुढे आले. भारताने २०२० मध्ये दहा रुंदमापी डिझेल इंजिने बांगलादेशाला दिली, तेव्हा तेथील गरजेप्रमाणे त्यांतही बदल करावे लागले. मीटरमापीची वायडीएम-४ तर त्याच्या कितीतरी आधी मलेशियात जाऊन चालली होती. बाकीची भंगाराच्या लिलावात गेली, आणि तेथे वजनाचा हिशेब होतो, नाकाच्या आकाराचा नव्हे.

यामुळे या विद्येचा रोख आता उभ्या इंजिनाकडून छायाचित्राकडे वळला आहे. रुळांवर उतरून पाहणे तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. फलाटाचे टोक, पादचारी पूल आणि फाटक यांवरूनच पाहावे लागते. पण कोल्हापूर, हातकणंगले किंवा मिरज स्थानकावर कोणाला तरी निरोप देताना घेतलेले एखादे जुने कौटुंबिक छायाचित्र घरात असेल आणि त्यात मागे इंजिन आले असेल, तर त्याचे साल बऱ्याच अंशी ठरवता येते. तुळईवर एकटाच जाड वळीदार नळ असेल आणि छपरावर पिवळा दिवा नसेल तर चित्र जुने. जाड नळाशेजारी बारीक नळ्या असतील तर ते मधल्या संक्रमणाचे. क्रमांकाला आर जोडलेला असेल किंवा नाकावर चौकोनी उंचवटा असेल तर त्याहून अलीकडचे. क्रमांक, शेडचे नाव आणि छायाचित्र घेतल्याचे वर्ष या तीन गोष्टी चित्रामागे लिहिलेल्या असल्या, तर चित्रातील माणसांपलीकडे उभ्या असलेल्या त्या इंजिनाचे कोणते फेरफार कोणत्या वर्षाआधी झाले होते हे नक्की सांगता येते.